चिठ्ठीवरचं शून्य

श्रीरंगच्या गाडीला नवे टायर बसले त्या दिवसापासून जयदीपच्या पोटात दुखायला लागलं. टायर हे निमित्त, दुखणं जुनंच होतं.

गाडी म्हणजे पिकअप ट्रक. पुढे चार-पाच माणसांची केबिन, मागे उघडा हौदा. श्रीरंग ठिबक सिंचनाचं सामान विकायचा, हरयाणातली शेतं पालथी घालायचा, तेव्हा त्याला अशी गाडी लागत असेल, इथवर जयदीपला मान्य होतं. पण कंपनीने दिलेले टायर काय वाईट होते? ते काढून याने चांगले मांडीएवढे उंच, जाडजूड टायर बसवून घेतले. आता गाझियाबादच्या त्यांच्या सोसायटीत ती गाडी शिरली की वॉचमन उगाचच सॅल्यूट ठोकायचा, पोरं गोळा व्हायची आणि अलकनंदा बाल्कनीत जाऊन वाकून बघायची. वॉचमनचं आणि पोरांचं एक वेळ सोडून देऊ. अलकनंदा जयदीपची बायको होती.

ती आणि श्रीरंग विद्यार्थी असताना दिल्लीत मुनिरक्यात एकाच इमारतीत भाड्याने राहायचे. ती मैत्रिणींबरोबर दुसऱ्या मजल्यावर, तो गच्चीवरच्या एका खोलीत. उन्हाळ्यात वीज गेली की अख्खी इमारत गच्चीवर झोपायला यायची, घरमालकाची म्हैस एकदा जिन्यात अडकली होती, असले किस्से जयदीपने लग्नानंतर इतक्यांदा ऐकले होते की ते त्याला पाठ होते. फक्त त्यांत तो कुठेच नव्हता. मधली बरीच वर्षं श्रीरंग इंदूरला होता, तोवर सगळं छान चाललं होतं. मागच्या वर्षी तो बायकोला, भानुमतीला, घेऊन परत आला आणि एनसीआरच्या, म्हणजे दिल्ली आणि भोवतालच्या, एवढ्या मोठ्या पसाऱ्यात त्याला फ्लॅट मिळाला तो नेमका यांच्याच सोसायटीत. तो अलकनंदाला ‘नंदू’ म्हणायचा. वीस वर्षांच्या संसारात जयदीपला हे नाव सुचलं नव्हतं, आणि आता सुचून काही उपयोग नव्हता.

जयदीप दिल्लीत केंद्राच्या एका मंत्रालयात अधिकारी होता. दिसायला चारचौघांसारखा, बोलायला त्याहून साधा. विनोद सांगायला गेला की शेवट आधी सांगून बसायचा. त्याची स्वतःची अशी एकच जागा होती, जिथे तो कुणाला हार जात नसे. ती म्हणजे मराठी मंडळाची मोटार रॅली.

ही रॅली म्हणजे शर्यत नव्हे. जोरात पळवणाऱ्याला इथे काहीच मिळत नाही. सकाळी प्रत्येक गाडीला रस्त्याचं एक मराठी पत्रक मिळतं. अमुक किलोमीटरला डावीकडे, तमुक किलोमीटरला पुलाखालून, इथून तिथवर सरासरी छत्तीसच्या वेगाने. वाटेत मंडळाची माणसं कुठे कुठे लपून बसलेली असतात आणि तुम्ही ठरल्या वेळी पोचलात का ते बघतात. लवकर आलात तरी गुण कापले, उशिरा आलात तरी कापले. फोन लखोट्यात बंद करायचा, गाडीच्या स्क्रीनवर वर्तमानपत्र चिकटवायचं. भरवसा फक्त मीटरवर आणि शेजारी बसलेल्या माणसावर.

जयदीपच्या शेजारी दर वर्षी अलकनंदा असायची. ती पत्रक वाचायची, तो मीटरवरचा आकडा सांगायचा, आणि ती मान हलवायची. बाकी वर्षभर त्यांच्यात गॅस सिलिंडर आणि लेकीच्या क्लासची फी यापलीकडे फारसं बोलणं नसे. पण त्या एका दिवशी ती त्याच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास टाकायची आणि त्याला ते कळायचं. घरातले बक्षिसाचे तिन्ही कप त्या दिवसांचे होते. खरं सांगायचं तर जयदीपचं लग्न वर्षातून एकदा, फेब्रुवारीतल्या एका रविवारी, पुन्हा लागायचं.

यंदा त्यावरच घाला आला. मागच्या वर्षी एका जोडप्याने मानेसरजवळ भर रस्त्यात गाडी थांबवून असं भांडण केलं होतं की दोन ट्रकवाले सोडवायला उतरले. रॅलीचे सर्वेसर्वा सूर्यकांतकाका यांनी फर्मान काढलं, “यंदा नवरा-बायको एका गाडीत नाहीत! चिठ्ठ्या टाकू.” अलकनंदाने चिठ्ठी उचलली, उघडली आणि टाळी वाजवली. “श्रीरंग! आता त्या राक्षसात बसायला मिळणार!” तिने टाळी वाजवली, हे जयदीपने नीट पाहिलं. त्याच्या वाट्याला भानुमती आली. तिने टाळी वाजवली नाही.

जयदीपचं आणखी एक काम ठरलेलं असे. रॅलीच्या आदल्या दिवशी सगळ्या गाड्यांचे मीटर तोच तपासायचा. हिंडन नदीच्या बाजूला एका सरळ, मोकळ्या रस्त्यावर त्याने पाच किलोमीटरचा पट्टा स्वतः मोजून ठेवला होता. प्रत्येक गाडी तो त्यावरून चालवत नेई आणि डॅशबोर्डवर चिठ्ठी चिकटवी: ‘मीटरवर शंभर, तर खरे नव्व्याण्णव.’ ‘मीटरवर शंभर, तर खरे अठ्ठ्याण्णव.’ त्या हिशेबाने लोक दुसऱ्या दिवशी आकडे जुळवून घेत. जयदीपची चिठ्ठी कधी कुणी पडताळून बघितली नव्हती. बघायचं कारणच नव्हतं.

शनिवारी सगळ्यात शेवटी श्रीरंगचा ट्रक आला. अलकनंदा आधीच आत बसलेली.

“सवय करून घेतेय,” ती वरून म्हणाली. “अरे, इथून तर पलीकडच्या सोसायटीतलीही धुणी दिसतात!”

श्रीरंग मागच्या सीटवर सरकला आणि जयदीप चालवायला बसला. मोठ्या टायरांचं काय होतं ते त्याला पाठ होतं. मीटर रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो आणि एका फेऱ्याला किती रस्ता, हे कारखान्यात ठरवून दिलेलं गणित धरून बसतो. चाक मोठं केलं की एकेका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, आणि मीटरला त्याचा पत्ताच नसतो. तो बापडा किलोमीटरही कमी दाखवतो आणि वेगही. पाच किलोमीटरचा पट्टा संपला तेव्हा मीटरवर चार पूर्णांक सहा होते. म्हणजे मीटरवर शंभर, तर खरे एकशे आठच्या वर. सबंध रॅलीत एवढी मोठी चूक कुणाचीच नव्हती.

त्याने खिशातून पेन काढलं. मागे श्रीरंग सांगत होता, “नंदू, ती म्हैस! बाहेर काढायला कोण गेलं होतं आठवतंय का यार?” आणि अलकनंदा हसली. तोंडावर हात ठेवून नाही, मान मागे टाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. असं हसणं जयदीपने घरात कधी ऐकलं होतं ते त्याला आठवेना.  हा माणूस विनोद सांगतो, ट्रक चालवतो, टोपणनावं ठेवतो, आणि उद्या माझ्या जागी बसून कपही घेणार? उद्या भरकटू दे. पत्रकातली वळणं सापडू नयेत. संध्याकाळपर्यंत तिला कळू दे की हसवणं वेगळं आणि वेळेवर पोचवणं वेगळं.

त्याने चिठ्ठीवर लिहिलं, ‘मीटर बरोबर. चूक शून्य.’

“वा! बिल्कुल शून्य?” श्रीरंगने विचारलं.

“शून्य,” जयदीप म्हणाला.

रविवारी सकाळी कोपर्निकस मार्गावर जुन्या सदनाच्या फाटकाबाहेर गाड्या लागल्या. काकांनी पत्रकं वाटली. दर वर्षी ते आपल्या जुन्या डिझेल गाडीतून रस्ता मोजून ठेवायचे, पण तिला दहा वर्षं पुरी झाली म्हणून नियमाने दिल्लीत ठेवता येईना, ती नागपूरला पुतण्याकडे गेली. यंदा त्यांनी कुणाची तरी गाडी मागून काम भागवलं होतं. कुणाची ते त्यांनी सांगितलं नाही. रस्ता फुटू नये म्हणून काका स्वतःच्या बायकोलाही काही सांगत नसत.

श्रीरंगचा ट्रक सर्वांत आधी सुटला. अलकनंदाने खिडकीतून जयदीपला हात केला, डॅशबोर्डवरच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं आणि अंगठा दाखवला. जयदीपनेही दाखवला. त्याला स्वतःची थोडी लाज वाटली, पण ती पहिल्या सिग्नलपर्यंतच टिकली.

भानुमती कमी बोलणारी आणि जास्त बघणारी बाई होती. सोहन्याच्या बाजूला लागल्यावर ती म्हणाली, “भावजी, शाळा पाच पूर्णांक एकला लिहिलीय. आपल्याला साडेपाचला लागली.”

“काकांचं वय झालं आता, वहिनी.”

“पाण्याची टाकीसुद्धा पुढेच लागली.”

“आपला मीटर शंभर टक्के बरोबर आहे. मी स्वतः तपासलाय.”

तिने मान हलवली, पण अलकनंदासारखी नाही. जयदीपचं अर्धं लक्ष मीटरकडे होतं, उरलेलं त्या ट्रककडे. एव्हाना ते दोघं कुठे असतील? वळण चुकून कुठल्यातरी गावात शिरले असतील. श्रीरंगला घाम फुटला असेल. की फुटला नसेल? हा माणूस असाही आहे की रस्ता हरवला तर गाडी बाजूला घेईल, थर्मास काढेल आणि म्हणेल, चलो नंदू, कॉफी पिऊ. दोघं हौद्यात पाय सोडून बसतील. हे जयदीपच्या आधी लक्षातच आलं नव्हतं. आपण त्याला हरवायला गेलो आणि त्याला अलकनंदाबरोबर हरवून जायची सोय करून दिली. 

“चौदा पूर्णांक दोनला डावीकडे,” भानुमतीने वाचलं. “कोपऱ्यावर पिवळं देऊळ.”

मीटरवर चौदा पूर्णांक दोन झाले. डावीकडे एक कच्चा रस्ता होता. जयदीप वळला.

“देऊळ कुठंय?”

“रंग बदलला असेल.”

“रंग बदलला असेल हो, पण देऊळ तरी हवं ना?”

रस्ता एका कोंबडीपालन केंद्राच्या फाटकाशी संपला. तिथे मंडळाची आणखी एक गाडी उभी होती, आणि पद्मजामावशी नाकाला पदर लावून बाहेर उभ्या होत्या. “जयदीप! तुझ्याच चिठ्ठीच्या हिशेबाने आलो रे आम्ही. आकडा तंतोतंत जुळला आणि समोर बघते तर कोंबड्या!” त्यांच्या मागोमाग तिसरी गाडी धूळ उडवत आली.

 तीन गाड्या, तिन्ही मीटर त्याने तपासलेले, तिन्ही एकाच जागी चुकलेले. भानुमती पत्रकाकडे बघत सावकाश म्हणाली, “नवे टायर बसल्यावर काका महिनाभर दर रविवारी आमची गाडी घेऊन फिरत होते. श्रीरंगने विचारलंही नाही कुठे जाता म्हणून. त्यांनी आमच्याच गाडीने तर मोजलं नसेल हे?”

पाच पूर्णांक एकला साडेपाच. जयदीपने मनात भागाकार केला. आठ टक्के. हा आकडा त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. काकांचं अख्खं पत्रक त्या ट्रकच्या चुकीच्या मीटरने मोजलेलं होतं. म्हणजे आज एनसीआरमध्ये ज्यांचा मीटर बरोबर ते सगळे भरकटणार, आणि एकच गाडी प्रत्येक वळणावर, प्रत्येक देवळापाशी, अचूक पोचणार. त्यात त्याची बायको बसली होती. शनिवारी त्याने खरं लिहिलं असतं तर काकांना तिथल्या तिथे कळलं असतं. अजूनही लखोटा फोडून त्यांना फोन करता आला असता, बाकीच्या गाड्या तरी वाचल्या असत्या. त्याने लखोटा हातात घेतला. पण काका पहिलाच प्रश्न विचारणार, तुला कसं कळलं? त्याने लखोटा परत कप्प्यात टाकला.

“भावजी,” भानुमतीने विचारलं, “टायर बदलले की मीटर चुकतो ना?”

“थोडाफार,” जयदीप म्हणाला आणि गाडी मागे घ्यायला लागला.

दमदमा तलावाजवळच्या शेतघरावर रॅली संपत होती. गाड्या विचारत विचारत, तासाभराच्या फरकाने, धुळीने माखून येत होत्या. भरीत-भाकरी थंड झाली होती. फक्त श्रीरंगचा ट्रक आंब्याखाली केव्हाचा उभा होता, आणि अलकनंदा पायऱ्यांवर बसून काकडी खात होती. तिचा चेहरा उन्हाने आणि आनंदाने लाल झाला होता. जयदीपला तो चेहरा ओळखीचा होता. जिंकल्यावर ती अशीच दिसायची, त्याच्या शेजारी.

काकांनी निकाल वाचला. “श्रीरंग आणि अलकनंदा. एका मिनिटाचीही चूक नाही! बाकी सगळ्यांचा सत्यानाश.” मग त्यांनी डोकं खाजवलं. “मला एक कळत नाही. मी श्रीरंगच्याच गाडीने मोजलं. तिच्या मीटरवर शून्य चूक, असं आपल्या जयदीपनेच लिहिलंय. म्हणजे पत्रक बरोबर. मग तुम्हा सगळ्यांचे मीटर चुकले कसे? काय रे जयदीप, यंदा तपासणी गंडली का?”

“कोंबड्यांना विचारा!” पद्मजामावशी म्हणाल्या, आणि सगळे खदखदून हसले.

जयदीप उभा राहिला. सांगायला एकच वाक्य होतं: माझी एकूण एक चिठ्ठी बरोबर होती, एक सोडून. ते म्हटलं असतं तर त्याची तपासणी वाचली असती आणि तो बुडाला असता. नाही म्हटलं तर उलट. त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात अलकनंदाच उठली.

“काका, हसू नका. जयदीपची तपासणी चुकत नाही,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “आमचं ऐका. वाटेत किलोमीटरचे दगड लागले. दहा दगड मागे पडले तरी आमचा मीटर सव्वानऊच दाखवत होता. श्रीरंग म्हणाला, नंदू, मीटर मागे पडतोय, वाढवून धरू या. मी म्हटलं, अजिबात नाही. जयदीपने शून्य लिहिलंय. सरकारने दगड चुकीचे बसवले असतील, जयदीप चुकीचं लिहिणार नाही. त्या चिठ्ठीवर आम्ही जिंकलोय. बाकीच्या गाड्यांचं काय झालं ते मला माहीत नाही, पण त्याचा आकडा कधी चुकत नाही.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. श्रीरंग कप घेऊन आला. “घे यार, हा तुझाच,” असं म्हणून त्याने तो जयदीपच्या हातात दिला, आणि त्याच्या तोंडावर कपटाचा लवलेशही नव्हता. जयदीपला त्या क्षणी श्रीरंगचा जितका राग आला तितका आधी कधीच आला नव्हता. या माणसाला साधं राग धरण्याजोगं वाईटही वागता येत नाही! गर्दीच्या कडेला भानुमती उभी होती. ती हसत नव्हती, टाळ्याही वाजवत नव्हती. ती फक्त जयदीपकडे बघत होती.

परतताना अलकनंदा त्याच्या शेजारी बसली. कप तिच्या मांडीवर होता.

“तुझ्याशिवाय मजा नाही आली,” ती म्हणाली. “श्रीरंग बोलतो फार. पत्रक वाचू देत नाही. निम्म्या वाटेत मला वाटत होतं, आता तू आकडा सांगशील.”

हे ऐकायला तो आठवडाभर आसुसला होता. आता ऐकलं आणि गिळवेना. ती काही विचारत नव्हती. त्याने गप्प बसायचं ठरवलं असतं तर गोष्ट इथेच मिटली असती, भानुमतीही बहुधा बोलली नसती. पण अलकनंदाने दगड खोटे ठरवले होते, त्याच्यासाठी.

“अलका, ते शून्य खोटं होतं.”

“म्हणजे?”

“त्या टायरांमुळे मीटर कमी दाखवतो. शनिवारी पाच किलोमीटरला चार पूर्णांक सहा आले होते. दगड बरोबर होते. मी मुद्दाम शून्य लिहिलं.”

ती वळली. “मुद्दाम? पण त्यात मी होते.”

“म्हणूनच. तू हसत होतीस त्याच्याबरोबर. मी जळत होतो. तुम्ही हरावंत असं वाटलं मला.”

 तिने कप मांडीवरून उचलून पायाशी ठेवला.  जयदीपला वाटलं, रडेल, ओरडेल, गाडी थांबव म्हणेल. तसं काही झालं नाही.

रस्त्याच्या कडेला किलोमीटरचा दगड आला. ती त्याच्या बाजूला वाकली, स्टिअरिंगच्या मागचा आकडा तिने वाचला आणि परत सरळ बसली. पुढचा दगड आला, तशी पुन्हा वाकली. इतक्या वर्षांत तिने त्याच्या मीटरकडे कधी बघितलं नव्हतं. आकडा तो सांगायचा आणि ती मान हलवायची.

“बरोबर आहे,” तो हळूच म्हणाला. “याचा मीटर बरोबर आहे, अलका.”

“बघतेय मी,” ती म्हणाली, आणि तिसऱ्या दगडाला पुन्हा वाकली.